सूर्याच्या आत चार डिग्री

माझ्या वडिलांच्या मते सूर्याच्या आत चार डिग्री तापमान आहे. साडेतीन नाही, पाच नाही, चार. दूध नासू नये आणि भाजी गोठू नये यासाठी जेवढं लागतं, नेमकं तेवढंच. आणि मी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवत होते, त्यातला तिसरा धडा सूर्याचा. असा योग जुळवून आणायला नशीब फारच रिकामटेकडं असावं लागतं.

बाबा फ्रिज दुरुस्त करतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याचं दुकान आणि कुलूपवाला यांच्या मधोमध त्यांचं दुकान आहे. आत शिरताना पोट आत घ्यावं लागतं, कारण दोन्ही बाजूंना दारं काढलेले, पाठ उघडी टाकलेले फ्रिज उभे असतात. जे दुरुस्त होत नाहीत ते आमच्या घरी येतात. आमच्याकडे कपाट नावाची वस्तू नाही. एका मेलेल्या फ्रिजात पांघरुणं आहेत, दुसऱ्यात आईचं शिवणकाम, तिसऱ्यात धान्य. माझी प्रमाणपत्रं, पहिलीपासून पदवीपर्यंत, त्या तिसऱ्याच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये. तिथे ती टवटवीत राहतील अशी आईची समजूत असावी.

सिद्धांताचा जन्म एका दुपारी झाला. बाबांचा एक हात फ्रिजच्या आत गारठून बधिर झाला होता आणि दुसऱ्या हाताचं कोपर मागच्या कॉइलला लागून भाजलं. तसं ते आजवर हजार वेळा भाजलं असेल. पण त्या दिवशी कॉम्प्रेसरखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, आणि त्यातला एक लेख तेलाच्या डागांमधूनही वाचता येत होता. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सहा हजार अंशांच्या आसपास, आणि त्याच्यापासून दूर, वरच्या विरळ वातावरणात मात्र दहा लाखांच्या पुढे. शास्त्रज्ञांना हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही, असं लेखाच्या शेवटी म्हटलं होतं. तेवढं एक वाक्य त्या लेखकाने गाळलं असतं तर माझी नोकरी टिकली असती.

बाबांना कोडं पाच मिनिटांत सुटलं. जवळ गार आणि लांब गरम, म्हणजे फ्रिज. जो आत जितका गार, तो बाहेर तितका गरम. हे त्यांचं कोपर चाळीस वर्षं सांगत आलं होतं. मग बाकीचं आपोआप जागेवर बसत गेलं. सूर्यावर काळे डाग पडतात आणि ते आजूबाजूपेक्षा थंड असतात? दाराचं रबर गेलंय, आतली थंडी बाहेर येतेय. डाग दर अकरा वर्षांनी वाढतात आणि कमी होतात? थर्मोस्टॅट. मोठा फ्रिज, मोठं चक्र. मी पहिल्या आठवड्यात विचारलं की मग प्लग कुठे आहे. ते म्हणाले, प्लग मागच्या बाजूला असतो. मी म्हटलं, सूर्य स्वतःभोवती फिरतो, सत्तावीस दिवसांत त्याच्या सगळ्या बाजू आपल्याला दिसतात. ते म्हणाले, तुमचेच शास्त्रज्ञ सांगतात ना, तो फिरतो म्हणून त्याच्यावर कसल्याशा रेषांना पीळ बसतो म्हणून? ती वायर.

मी कपाळाला हात लावला. चुंबकीय रेषांना पीळ बसतो हे मीच, दहावी नापास होऊ नये म्हणून एका चुलतभावाला शिकवताना, मोठमोठ्याने सांगितलं होतं. ते शेजारी बसून कॉम्प्रेसर पुसत होते आणि मला वाटलं होतं की त्यांचं लक्ष नाही.

आता असा सिद्धांत घरात राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आई म्हणायची, बाकीच्यांचे नवरे पत्ते कुटतात, याचं सूर्यावर भागतं. पण बाबांना श्रोते होते. ज्याचा फ्रिज उघडून जमिनीवर पडलाय आणि ज्याचं दूध शेजाऱ्यांकडे ठेवलंय, तो माणूस कशालाही मान डोलावतो. कुणी म्हणायचं, हे कुठेतरी छापून आणा उस्ताद. कुणी म्हणायचं, मोठमोठ्या लोकांना हे सुचलं नाही. बाबांना सगळे उस्ताद म्हणतात. फ्रिज नेऊन झाला की यातला एकही जण परत सूर्याबद्दल बोलायला आला नाही, हे बाबांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी मूग गिळून बसले.

एकच माणूस परत आला आणि येतच राहिला. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांची मोठी डेअरी आहे. सात वर्षांपूर्वी तिथली शीतखोली बिघडली होती. बाबांनी ती दुरुस्त केली आणि मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे आत पाण्याचा ग्लास ठेवला, ग्लासात थर्मामीटर. हवा लबाड असते, दार उघडलं की बदलते. पाणी खरं बोलतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. चोवीस तास ग्लास आत, मगच आकडा, आणि आकडा आला की दाराच्या आतल्या बाजूला स्टिकर लावून त्यावर सही. डेअरीत गाड्या खोळंबल्या होत्या. मॅनेजरने बाहेरची डायल बघून चार असं लिहिलं आणि स्टिकर पुढे केला. बाबा खोलीच्या दारात क्रेट पालथं घालून बसून राहिले. अध्यक्षांनी स्वतः येऊन आवाज चढवला, तरी हलले नाहीत. म्हणाले, डायल बाहेर असते, दूध आत असतं. दुसऱ्या दिवशी पाणी नऊ डिग्री निघालं. साबणाचा फेस लावून शोधलं तेव्हा गॅसच्या नळीला केसाएवढी गळती सापडली. त्या दिवसापासून बाबांच्या स्टिकरवर तारीख, तापमान आणि सही यांच्यासोबत चौथी ओळ आली: कुणी मोजलं.

अध्यक्षांनी त्या प्रसंगातून धडा घेतला, पण भलताच. त्यांनी असा निष्कर्ष काढला की हा माणूस कशातच चुकत नाही. ज्याने माझं दूध वाचवलं त्याला सूर्य का कळू नये, असं ते भर सभेत म्हणाले, आणि आमच्या शाळेत अध्यक्षांच्या वाक्यावर टाळ्या वाजवायची शिस्त आहे. त्यांनी पुस्तिका काढायचं ठरवलं. 'थंड सूर्य', चोवीस पानं, नववीच्या प्रत्येक मुलाला एक. सूर्याच्या आत काय ठेवलंय, याचं प्रकरण दुसऱ्या आवृत्तीसाठी राखून ठेवलं होतं.

मुख्याध्यापिकांकडे मी धाव घेतली. त्या मूळच्या भूगोलाच्या. त्या म्हणाल्या, भूगोलात सूर्य बाहेरूनच लागतो, आतलं मी काय सांगणार. एवढे अकलेचे तारे तोडून त्यांनी हजेरीपट पुढे ओढला.

मग अध्यक्षांनी मला डेअरीतल्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर पुस्तिकेचा कच्चा खर्डा होता. शेवटच्या पानावर छापलं होतं, 'तपासले, आशय बरोबर आहे', आणि त्याखाली विज्ञान शिक्षिकेच्या सहीसाठी रेघ. खर्ड्याला क्लिपने आणखी एक कागद जोडला होता. माझ्या कायम नेमणुकीची ऑर्डर. मी नऊ वर्षं हंगामी होते. दर वर्षी जून आला की नव्याने अर्ज करायचे. संस्थेच्या नियमाप्रमाणे वयाची पस्तीस वर्षं पूर्ण झाल्यावर कुणाला कायम करत नाहीत, आणि मला पस्तीस पूर्ण व्हायला सात आठवडे राहिले होते. अध्यक्ष धमकी वगैरे देत नाहीत, सुसंस्कृत माणूस. ते म्हणाले, "सावकाश वाचा बाई. सोमवारपर्यंत दोन्ही कागद एकदमच हातावेगळे करू."

घरी मी आईला सांगितलं. तिने शिवणकाम खाली ठेवलं नाही. तिचा हिशोब सरळ होता: बापाला आनंद होईल, लेकीला नोकरी मिळेल. "आणि सूर्याचं काय जातंय?" ती म्हणाली.

  सूर्याचं खरोखरच काही जात नव्हतं. मी खर्डा मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि सहीची पहिली रेघ ओढायला हातही टेकवला. हे मी लपवत नाही. नऊ वर्षं हंगामी राहिलेल्या बाईची ताठ मान शेवटी पगारापाशी येऊन वाकते, आणि मला माझा राग आला तो वाकल्याबद्दल नाही, तर किती पटकन वाकले याबद्दल. पेनातली शाई वाळली होती एवढंच. नवं पेन आणायला म्हणून मी उठले आणि बाबांच्या दुकानात गेले, कारण त्यांच्या खिशाला कायम दोन असतात.

शनिवारची दुपार होती. दुकानात केक करून विकणाऱ्या एक बाई उभ्या होत्या आणि रडकुंडीला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशीची मोठी ऑर्डर होती, फ्रिज आत्ता हवा होता, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला स्टिकरही हवा होता. ग्लास सकाळी आत ठेवला होता. बाबा म्हणाले, फ्रिज न्या, टेंपो मी बोलावतो, पण सही उद्या तुमच्या घरी येऊन करीन. बाई म्हणाल्या, हात घातला तरी कळतंय की गार आहे. बाबा म्हणाले, हाताला बर्फ आणि आइस्क्रीम सारखंच लागतं. शेवटी बाई स्टिकर न घेताच गेल्या, तोंड वाजवत.

बाबांनी मला स्टूल पुसून दिलं. माझ्या हातातला खर्डा बघून ते असे फुलले की मला मान वर करवेना. म्हणाले, माझ्या पुस्तकावर माझ्या मुलीची सही, अजून काय पाहिजे. पेन त्यांनीच खिशातून काढून दिलं, चांगल्यातलं.

मी पेन घेतलं आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक स्टिकर सोलून खर्ड्याच्या मुखपृष्ठावर चिकटवला. मग पेन त्यांच्या हातात परत दिलं.

"आधी तुम्ही भरा, बाबा," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना ती लाडाची थट्टा वाटली. तारीख घातली. तापमानाच्या ओळीत चार लिहिलं, गोल वळणदार. 'कुणी मोजलं' या ओळीवर पेन थांबलं. मला वाटलं ते स्वतःचं नाव लिहितील. सात वर्षांच्या सवयीने हात निघालाही होता, पण कागदाला टेकला नाही.  मग ते मान वर करून म्हणाले, "मग तुमचे ते सूर्याच्या आतले दीड कोटी अंश कुणी मोजले? तिथे कोण गेलं होतं?"

हा प्रश्न त्यांनी चिडून विचारला, आणि चांगला विचारला. नऊ वर्षांत नववीच्या एकाही मुलाने मला तो विचारला नव्हता. मी सांगितलं की कुणी गेलं नव्हतं, पण सूर्याच्या अगदी आत जे काही चालतं त्यातून बारीक कण सुटतात. ते सहसा कशालाही अडत नाहीत, पृथ्वीतूनही आरपार जातात, क्वचित एखादाच सापडतो, आणि आत तापमान किती यावर ते किती येतील हे ठरतं. ते मोजायला लोकांनी डोंगराखाली खाण खणून टाकी ठेवली आहे. टाकीत पाणी आहे. बाकी काही नाही, स्वच्छ पाणी.

"पाणी?" बाबा म्हणाले.

"हो."

"टाकी केवढी?"

मी म्हटलं, दहा मजली इमारत बुडेल एवढी.

"आणि किती वेळ ठेवलीय?"

मी म्हटलं, पंचवीसहून जास्त वर्षं. अजून उचललेली नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. खर्डा माझ्याकडे सरकवला नाही, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला, आणि कुलूपवाल्याकडे काम आहे असं पुटपुटत निघून गेले. रविवारी ते ताटावरून अर्ध्यात उठले. आई माझ्याकडे अशी बघत होती जणू मी त्यांना जेवणातून काहीतरी घातलंय.

मला वाटलं होतं की मी जिंकले. आपल्याच बापाला चारी मुंड्या चीत केल्यावर कसं वाटतं ते कुणी मला विचारू नये.

सोमवारी मी नकार द्यायला डेअरीत गेले तर बाबा आधीच तिथे बसलेले. कामाच्या कपड्यांत, खुर्चीच्या टोकावर. समोर खर्डा होता. स्टिकरवरचं चार त्यांनी खोडलं होतं.

"साहेब, हे छापू नका," ते म्हणाले. "मी मोजलेलं नाही. ज्याने ग्लास ठेवला त्याची सही. तो मी नाही."

अध्यक्षांना गहिवरून आलं. ते म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात, विनयाने मागे राहतात. बाबांनी परत सांगितलं की विनयाचा संबंध नाही, आकडा मोजलेला नाही. अध्यक्ष आणखी गहिवरले. बाबांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि या वेळी टेबलावर हात आपटला. तेव्हा मात्र अध्यक्षांचा गहिवर ओसरला. त्यांनी विचारलं की तुमचं नाव काढून टाकू का. बाबा म्हणाले, काढा. मग अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझीही सही नाही.

"हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "मी करतो."

आणि त्यांनी केली. लेखकाच्या जागी एक, तपासणाऱ्याच्या जागी एक. डायलसुद्धा न बघता. मग क्लिप काढून माझी ऑर्डर वेगळी केली, ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि क्लिप पुस्तिकेला लावली, कारण पानं सुटी होती.

पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर अध्यक्ष, मागे सूर्य. दोन संस्थांनी त्यांचा सत्कार केला, आणि सत्काराच्या भाषणात ते म्हणाले की ही कल्पना त्यांना शीतखोलीत उभं असताना सुचली. वार्षिक परीक्षेत प्रश्न आला: सूर्याच्या आतील तापमान किती? एक गुण. दीड कोटी लिहिणाऱ्या मुलांना भोपळा मिळाला. मी शिकवलं होतं म्हणून ज्यांचा गुण गेला, अशी सतरा मुलं होती. माझ्या जागी नवे हंगामी सर आले आहेत, तरुण आहेत, त्यांना पस्तिशीला अजून बराच अवकाश आहे. माझी पस्तिशी पूर्ण झाली. दुसऱ्या शाळांना अर्ज पाठवणं चालू आहे, आणि तोवर मी दुकानात बसते. गॅस भरायला अजून बाबा मला हात लावू देत नाहीत. मी फेस लावते आणि बुडबुडा कुठे येतो ते बघते.

बाबांनी सूर्य पूर्ण सोडलाय असं नाही. कधीकधी एखादं गिऱ्हाईक विचारतं, उस्ताद, तो आत थंड असतो ना? तेव्हा ते म्हणतात की लोकांनी पाणी ठेवलंय, त्यांना विचारा. एकदा गिऱ्हाईक म्हणालं की पण शाळेच्या पुस्तकात तर चार दिलंय. बाबा त्या माणसावर इतके भडकले की तो फ्रिज न घेताच गेला. पुस्तकात चूक आहे, असं ते त्याच्या पाठीमागे ओरडत राहिले. चूक कुणाची, हे मात्र ते म्हणाले नाहीत.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी फ्रिज पाठवला. दुसऱ्या दिवशी न्यायला स्वतः आल्या. मला स्टुलावर पाहून त्यांनी आधी चष्म्याच्या दुकानाकडे बघितलं, मग छताकडे. मी ग्लास बाहेर काढला. चोवीस तास पूर्ण झाले होते. थर्मामीटर वाचलं आणि आकडा सांगितला: चार.

"अगं बाई, म्हणजे सूर्याइतकंच की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या खूश झाल्या होत्या, त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांचा खरंच तसा विश्वास बसला होता.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी स्टिकरांचा गठ्ठा उचलला, जो त्यांनी चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता, आणि माझ्यासमोर ठेवला. वर चांगल्यातलं पेन ठेवलं.

मी तारीख घातली. तापमान चार. कुणी मोजलं, तिथे माझं नाव. खाली सही केली आणि दाराच्या आतल्या बाजूला स्टिकर चिकटवला. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून चारही ओळी नीट वाचल्या, मग टेंपोवाल्याला हाक मारली.